नवा गट वलयावर कुठे बसेल? पाठांतराशिवाय ओळखायची रीत

बारावीच्या मुलांची वही उघडली की दोन रकाने हमखास दिसतात: नव्या गटाला ऑर्थो-पॅरा जागी पाठवणारे गट आणि मेटा जागी पाठवणारे गट, घोटून पाठ केलेले. (आधीच्या गटाच्या लगतची जागा ऑर्थो, त्यापुढची मेटा, थेट समोरची पॅरा.) परीक्षेत यादीबाहेरचा गट आला की पेन थांबतं. म्हणून फोंड्यातल्या माझ्या शिकवणीत मी यादी आधी मिटायला लावते.

बेंझीनचं वलय काढा. त्यावर आधीच बसलेल्या गटाचा फक्त पहिला अणू बघा, वलयाला थेट चिकटलेला. त्याच्याकडे एकाकी, म्हणजे कुठल्याच बंधात न गुंतलेली, इलेक्ट्रॉन जोडी आहे? फिनॉलच्या (वलयावर OH) ऑक्सिजनकडे असते, ॲनिलिनच्या (वलयावर NH₂) नायट्रोजनकडेही. मग नवा गट ऑर्थो किंवा पॅरा जागी जाणार. मिथिलसारखे अल्किल (फक्त कार्बन-हायड्रोजनचे) गटही तिकडेच पाठवतात. पहिल्या अणूवर धन प्रभार असेल, किंवा तो ऑक्सिजन-नायट्रोजनला दुहेरी-तिहेरी बंधाने बांधलेला असेल, तर मेटा. आम्लात मात्र ॲनिलिनचा नायट्रोजन प्रोटॉन घेऊन स्वतःच धन होतो. तिथे नायट्रेशन केलं, म्हणजे नायट्रो (NO₂) गट जोडला, तर जवळपास निम्मं मेटा निघतं.

आता पेन्सिल घ्या, खरं कारण इथे कळतं. टोल्युइनच्या (मिथिल लागलेलं बेंझीन) ऑर्थो जागी नायट्रो गट जोडा आणि वलयावरचा धन प्रभार बाणांनी फिरवा. तीन चित्रं होतात. एकात प्रभार नेमका मिथिलवाल्या कार्बनवर येतो आणि मिथिल त्याला सावरतो. पॅराचंही तसंच. मेटाच्या तिन्ही चित्रांत प्रभार त्या कार्बनला शिवतही नाही, म्हणून मेटा जेमतेम ४ टक्के मिळतं. नायट्रोबेंझीनवर हेच करून बघा: तो कार्बन धन झाला की शेजारी धन नायट्रोजन बसलेलाच असतो. ते टाळण्यासाठी सुमारे ९३ टक्के मेटा.

क्लोरीनपाशी मुलं हमखास चुकतात. तो वलयाची क्रिया मंदावतो, पण एकाकी जोडीमुळे ऑर्थो-पॅराकडेच पाठवतो. वेग किती आणि जागा कोणती, हे दोन प्रश्न वेगळे ठेवा.

वलयावर दोन गट असतील तर इलेक्ट्रॉन जास्त जोराने देणाऱ्याचं चालतं. सरावाला आपल्या गोव्याच्या सत्तरी तालुक्यातला काजू घ्या. भाजताना टरफलातून उडणारं, कातडी सोलणारं ते तेल तापवलं की त्यातून कार्डॅनॉल मिळतं: फिनॉल, आणि मेटा जागी १५ कार्बनांची शेपटी. ऑक्सिजनपासून ऑर्थो-पॅरा मोजा, मग शेपटीपासून. दोन्हीकडून त्याच तीन जागा येतात. दोघांच्या मधली जागा दाटीची, ती सोडा. उरलेल्या दोन जागांवर मुख्यतः फॉर्मल्डिहाइड जोडून राळ बनते, आणि ती गाड्यांच्या ब्रेकच्या अस्तरात जाते.