पोर्टल व्हेनचा डॉप्लर : प्रवाहाचा आकडा बिघडवणाऱ्या या चुका टाळा

यकृताला मिनिटाला साधारण दीड लिटर रक्त मिळतं. त्यातलं सुमारे ७५ टक्के पोर्टल व्हेनमधून, म्हणजे आतड्यांकडून यकृताकडे रक्त नेणाऱ्या शिरेतून येतं. म्हणून डॉप्लरने (रक्ताचा वेग मोजणाऱ्या सोनोग्राफीने) प्रवाह मोजताना प्रोब आधी तिच्यावरच जातो.

सगळ्यात महागात पडते ती व्यासाची चूक. सूत्र असं : ०.७८५ × व्यासाचा वर्ग × सरासरी वेग × ६०. व्यास १.१ सेंमी आणि सरासरी वेग सेकंदाला १५ सेंमी असेल, तर मिनिटाला ८५५ मिली येतात. कॅलिपर (पडद्यावर अंतर मोजणारी खूण) जेमतेम १ मिमी सरकून व्यास १.२ झाला की तेच १,०१७ होतात. त्यामुळे इमेज झूम करा आणि कलर (प्रवाह रंगात दाखवणारा मोड) बंद करून मगच कॅलिपर लावा, कारण रंग भिंतीबाहेर सांडतो. आतल्या कडेपासून आतल्या कडेपर्यंत तीनदा मोजा, सरासरी घ्या. प्रोब दाबू नका, शीर चपटी होते. खोल श्वासात ती फुगते, म्हणून पेशंटला संथ श्वास घेता घेता मध्येच थांबायला सांगा.

वेगातली नेहमीची गफलत म्हणजे स्पेक्ट्रमची (पडद्यावरच्या वेगाच्या आलेखाची) वरची कड ट्रेस करून आलेला कमाल वेग सूत्रात घालणं. प्रवाह त्यामुळे जवळजवळ दुप्पट दिसू शकतो. सूत्राला सरासरी वेगच लागतो, आणि तो नीट मिळायला सॅम्पल गेट (वेग जिथला मोजायचा ती चौकट) शिरेच्या पूर्ण रुंदीवर पसरलेलं हवं.

अँगल, म्हणजे अल्ट्रासाउंडचा किरण आणि रक्तप्रवाहाची दिशा यांच्यातला कोन, ६० अंशांच्या आतच ठेवा. खरा कोन ६० असताना कोन ठरवणारा कर्सर ६५ वर लावला, तर वेग १८ टक्के जास्त येतो. ३० च्या जागी ३५ लावला तर जेमतेम ६ टक्के. कर्सर फिरवून काम भागवण्यापेक्षा प्रोबची जागा बदला.

जेवणानंतर पोर्टल प्रवाह वाढतो. ४ ते ६ तास उपाशी नसलेल्या पेशंटची आधीच्या तपासणीशी तुलना करू नका.

शिरेत रंग भरला नाही म्हणून लगेच गुठळी लिहून मोकळं होऊ नका, एवढा आग्रह धरावासा वाटतो. सिऱ्होसिसमध्ये (यकृत कठीण होण्याच्या आजारात) प्रवाह फार मंद असतो. आधी स्केल (वेगाची मर्यादा) खाली आणा, वॉल फिल्टर (मंद वेगाचे सिग्नल गाळणारा) कमी करा, गेन (सिग्नलची तीव्रता) वाढवा, बरगड्यांमधून वेगळा कोन धरा. प्रवाह उलटा दिसला तरी तेच : एलियासिंगमुळेही (वेग स्केलच्या पलीकडे गेल्यामुळे) रंग पालटतो, तेव्हा दिशा स्पेक्ट्रमवर तपासा.

इंडोसायनिन ग्रीन टेस्टचा (शिरेतून दिलेलं रंगद्रव्य यकृत किती वेगाने काढून टाकतं, हे पाहणाऱ्या तपासणीचा) आकडाही थेट प्रवाह म्हणून वाचू नका. यकृताच्या पेशी रंगद्रव्य किती उचलतात, यावरही तो ठरतो, आणि बिलिरुबिन वाढलं की उचल मंदावते.