पॅकेज फोडताना आणि जोडताना या चुका टाळा

बेळगाव, खानापूर, निपाणीकडं शाळेच्या लॅबसाठी नाहीतर उद्यमबागेतल्या एखाद्या कारखान्यासाठी डेबियनवर (ही लिनक्सची एक जात) स्वतःची छोटी रेपो, म्हणजे इन्स्टॉल करायच्या पॅकेजांचं कोठार, चालवणारी मंडळी असतात, आणि बऱ्याच जणांची पहिली हौस एकच, एका सॉफ्टवेअरची पाच पॅकेजं करायची. का, तर डेबियनवाले करतात म्हणून.

अहो, त्यांना कारण असतं. एकच सॉफ्टवेअर इंटेल, एआरएम अशा कितीतरी आर्किटेक्चरसाठी, म्हणजे प्रोसेसरच्या जातींसाठी, बांधायचं असतं, मग चित्रं, आवाज असला डेटा वेगळा काढला की तो सगळ्यांना मिळून एकदाच ठेवता येतो. तुमच्या लॅबमधली सगळी मशीनं एकाच जातीची, तिथं डेटा वेगळा काढून मिळालं काय? एक अपडेट झालं, दुसरं राहिलं, ही नवी कटकट.

फोडायच्या आधी एवढंच विचारा, हा तुकडा हवा पण तो नको असं म्हणणारा कुणी खरंच आहे का. हेडर फायलींचं डेव्ह पॅकेज म्हणूनच वेगळं असतं, त्या फायली प्रोग्राम बांधणाऱ्याला लागतात, नुसता चालवणाऱ्याला लागतच नाहीत. आता फॉन्टचं बघा. लोहित नावाच्या संचाचे फॉन्ट डेबियनमध्ये लिपीप्रमाणे फोडलेत, देवनागरी वेगळं, कन्नड वेगळं, पुण्यातल्या माणसाला ते बरोबर बसतं, पण आपल्याकडं एकाच मशीनवर मराठी अर्ज टाईप करायचा आणि लगेच कन्नडमधला आरटीसी उतारा (कर्नाटकातला सातबारा) उघडायचा असतो, त्यामुळं दोन्ही लागतात. नोटो या दुसऱ्या फॉन्टसंचाची वाटणी निराळी, कोअर पॅकेज घेतलं की दोन्ही लिप्या येतात, जादा जाड-बारीक वजनं एक्स्ट्रा पॅकेजमध्ये, आणि चिनी-जपानी-कोरियन बाजूला, कारण ते आकारानं दांडगं. दोन्ही वाटण्या चुकीच्या नाहीत, पण सीमाभागातल्या लॅबला नोटो कोअरच सोयीचं.

लायब्ररी, म्हणजे बरेच प्रोग्राम मिळून वापरतात तो कोड, मात्र प्रोग्रामच्या पॅकेजात कोंबू नका. एनक्रिप्शनची लायब्ररी घ्या, डेबियन 11 मध्ये लिबएसएसएल1.1 होतं, 12 मध्ये लिबएसएसएल3 आलं, नावातच आकडा असल्यामुळं जुनी-नवी दोन्ही एका मशीनवर नांदतात आणि जुन्यावर बांधलेला प्रोग्राम चालू राहतो.

आता सगळ्यात जास्त रडवणारी चूक. एक फाईल जुन्या पॅकेजातून काढून नव्यात टाकली, आणि इन्स्टॉल करताना डीपीकेजी (डेबियनचं पॅकेज बसवणारं साधन) अडतं, 'ट्राइंग टू ओव्हरराइट', ही फाईल त्या दुसऱ्या पॅकेजाचीपण आहे म्हणून. लोक लगेच फोर्स-ओव्हरराइट हा जबरदस्तीचा पर्याय मारून मोकळे होतात. तसं करू नका, नव्या पॅकेजात ब्रेक्स (जुन्या व्हर्जनबरोबर जमत नाही) आणि रिप्लेसेस (त्याच्या फायलींवर लिहायला परवानगी) या दोन्ही ओळी घाला, त्यासुद्धा फाईल हलवायच्या आधीच्या व्हर्जनपुरत्याच. नुसतं रिप्लेसेस घातलं तर उद्या कुणी नवं पॅकेज काढलं की फाईल त्याच्याबरोबर जाते आणि जुनं पॅकेज लंगडं होऊन बसतं.

फोडल्यावर 'अपडेट येतच नाही' अशी तक्रार आली तर बघा समोरचा ॲप्ट-गेट अपग्रेड ही अपडेटची कमांड चालवतोय का. ती फोडून झालेलं नवीन पॅकेज ओढून आणत नाही, मग मुख्य पॅकेज 'केप्ट बॅक' म्हणून तसंच पडून राहतं. नुसतं ॲप्ट अपग्रेड चालवा, ते नवीन पॅकेज घेतं.

आणि दोन पॅकेजं जोडून एक करताना? जुनं नाव एकदम गायब करू नका. नव्या पॅकेजात प्रोव्हाइड्स (जुन्या नावाचं कामही मीच करतो अशी ओळ) लिहिलं म्हणजे झालं असं वाटतं, पण तेवढ्यावर ॲप्ट जुनं पॅकेज बदलून नवं आणत नाही. जुन्या नावाचं रिकामं ट्रान्झिशनल पॅकेज ठेवा, ते नव्यावर डिपेंड करेल, आणि पुढच्या डेबियन रिलीजपर्यंत राहू द्या. फेडोरा या दुसऱ्या लिनक्सवाल्यांचं सोपं आहे, नव्या पॅकेजात ऑब्सोलीट्स ही ओळ लिहिली की डीएनएफ, त्यांचं ॲप्टसारखं साधन, बदल करून टाकतं.

काहीही हलवलं तरी रिकाम्या व्हर्च्युअल मशीनवर आधी जुनं व्हर्जन टाका, मग अपग्रेड करा, मग नवं काढून बघा. नुसतं नवं टाकून चाललं म्हणजे काही कळत नाही. आणि शाळेची लॅब असेल तर असली उलथापालथ उन्हाळी सुट्टीत करा, प्रॅक्टिकलच्या आठवड्यात नको.