स्क्रूबॉल कॉमेडी बघायचीय? मग बिबट्यापासून सुरुवात करू नका

जुन्या हॉलिवूड कॉमेडीची कुठलीही यादी उघडा, 'ब्रिंगिंग अप बेबी', म्हणजे तो बिबट्यावाला पिक्चर, वरच्या नंबरात सापडणारच, मग लोक तोच पहिला लावतात, पंधराव्या मिनिटाला डोकं भणभणायला लागतं आणि "हे ब्लॅक अँड व्हाइट आपल्याला नाही झेपत बुवा" म्हणून विषय संपतो. पिक्चर भारी आहे, वादच नाही, पण तो शेवटी बघायचा. आधी कानाला जरा सवय लावून घ्यायची. ती कशी लावायची ते सांगते.

त्याआधी पार्श्वभूमी, थोडक्यातच. स्क्रूबॉल म्हणजे वेडेपणाच्या, भराभर बोलणाऱ्या, भांडता भांडता प्रेम जमणाऱ्या कॉमेड्या, साधारण १९३४ पासून ४०च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंतच्या. १९२९ला अमेरिकेचा शेअर बाजार कोसळला, लोकांच्या खिशात दमडी नाही, आणि अशात थिएटरात बसून गडगंज बापाच्या पोरी वेडेपणा करताना बघायला मिळतायत म्हटल्यावर पब्लिक खूश. त्यात १९३४च्या मध्यापासून हॉलिवूडने स्वतःचेच सेन्सॉरचे नियम कडक केले, बेडरूम, लांबलचक चुंबनं, लफडी, सगळ्यावर नजर. लेखक मंडळी पोचलेली होती, त्यांनी सगळा रोमान्स उचलून तोंडाच्या पट्ट्यात टाकला. त्यामुळे इथे दोघं कडाकडा भांडायला लागले की समजायचं, लव्ह सीन चालू झाला. एवढं डोक्यात ठेवून बसलात तरी अर्धं काम झालं.

पहिला लावा 'इट हॅपन्ड वन नाइट', १९३४चा, फ्रँक काप्राचा. स्टोरी तुम्हाला माहितीय, कारण 'चोरी चोरी' आणि 'दिल है के मानता नहीं' दोन्ही ह्याच्यावरूनच आले. श्रीमंत बापाची पोरगी घरातून पळते, मायामीहून न्यूयॉर्कच्या बसमध्ये बसते, शेजारी नोकरी गमावलेला पत्रकार, म्हणजे क्लार्क गेबल. पुढे काय होणार ह्याचं टेन्शन नाही, म्हणून तर हा पहिला, म्हणजे लक्ष कसं होतं ह्याकडे राहतं. एका खोलीत रात्र काढायची वेळ येते तेव्हा गेबल मधे दोरी बांधून चादर टाकतो, तो सीन प्रसिद्धच आहे, पण माझ्या मते खरी गंमत दुसऱ्या दिवशी सकाळी आहे. तो तिला कॉफीत डोनट कसा बुडवायचा ह्याचे धडे देतो, जास्त वेळ बुडवायचा नाही वगैरे, अगदी आपल्याकडे चहात ग्लुकोजचं बिस्कीट बुडवताना देतात तसे. तेवढ्यात तिच्या बापाचे डिटेक्टिव्ह दारात. गेबल तिचे केस विस्कटतो आणि दोघं क्षणात कावलेलं नवरा-बायकोचं जोडपं होतात, तो वसावसा ओरडतोय, ती भोकाड पसरून रडतेय, डिटेक्टिव्ह बिचारे ओशाळून निघून जातात. दार बंद झाल्यावर दोघं हसतात ते नीट बघा. आत्तापर्यंत एकमेकांना पाण्यात बघणारे हे दोघं खोटं भांडताना पहिल्यांदा एका बाजूला आलेत, आणि ते आपल्याला कळलंय पण त्यांना अजून नाही. ह्या प्रकारातला प्रत्येक चांगला पिक्चर ह्याच जागेवर उभा असतो.

बाय द वे, ह्याला बेस्ट पिक्चर, डायरेक्टर, हिरो, हिरॉइन आणि स्क्रीनप्ले असे पाचही मोठे ऑस्कर मिळाले, असं आधी कुणाला जमलं नव्हतं.

मग 'द ऑफुल ट्रुथ', १९३७. घटस्फोट घ्यायला निघालेले नवरा-बायको, घटस्फोट पक्का व्हायला काही दिवस बाकी, आणि दोघं एकमेकांची नवी लग्नं मोडायच्या मागे. इथे प्रॅक्टिस एकच करायची, जो बोलतोय त्याच्याकडे बघायचं नाही, जो ऐकतोय त्याच्याकडे बघायचं. नवरा झालेला कॅरी ग्रँट दुसऱ्याचं ऐकताना जे चेहरे करतो त्यावर आख्खा पिक्चर निघतो. आणि तो तिसरा माणूस, बायकोचा नवा होणारा नवरा, सज्जन, पैसेवाला, आईचा लाडका, राल्फ बेलमी, त्याला लक्षात ठेवा, तो परत भेटणारे.

आता स्पीड. 'हिज गर्ल फ्रायडे', १९४०, डायरेक्टर हॉवर्ड हॉक्स. मूळ नाटकात संपादक आणि रिपोर्टर दोघंही पुरुष, हॉक्सने रिपोर्टरची बाई केली आणि वर तिला संपादकाची घटस्फोटित बायको करून टाकलं, झालं, बातमीचं भांडण आणि संसाराचं भांडण एकच होऊन बसलं. लोक एकमेकांच्या बोलण्यावर बोलतात, मधेच तोडतात, फोनवर तिसरंच चालू असतं. घाबरू नका. हॉक्स वाक्याच्या सुरुवातीला आणि शेवटी मुद्दाम फालतू शब्द भरायचा, म्हणजे दोघांचं बोलणं एकमेकांवर चढलं तरी कामाचा भाग मधे सुखरूप राहतो. त्यामुळे पॉज करून मागे जाऊन "काय म्हणाला?" करत बसू नका, लय गेली की सगळं गेलं. इंग्रजी कितीही चांगलं असू दे, सबटायटल लावायचे, त्यात कमीपणा नाही. आणि प्रिंट बघून घ्या. अमेरिकेत ह्याचा कॉपीराइट रिन्यू झालाच नाही त्यामुळे नेटवर फुकट कॉप्या ढिगाने आहेत, पण बऱ्याच धूसर आणि आवाज खरखरीत, ह्या पिक्चरमध्ये आवाज गेला म्हणजे काहीच उरलं नाही. दोन मिनिटं ऐकून बघा, शब्द फुटत असले तर दुसरी कॉपी शोधा.

रेस्टॉरंटचा सीन दोनदा बघितला तरी चालेल. संपादक झालेला ग्रँट, रिपोर्टर झालेली रोझलिंड रसेल आणि तिचा होणारा नवरा, विमेवाला, म्हणजे परत तेच आपले बेलमी. ग्रँट गोड बोलून त्याला गुंडाळतोय, तिला सगळं कळतंय, ती वैतागलीय आणि मनातून एन्जॉयही करतेय, आणि तो बिचारा दोघांच्या मधे बसून कशातच नाही. पुढे ग्रँट एकीला ह्या होणाऱ्या नवऱ्याचं वर्णन करून सांगतो, तो सिनेमातला राल्फ बेलमी आहे ना, तस्सा दिसतो! १९४०ला हे चालायचं. मात्र पिक्चरमध्ये एक फाशीची केस आहे, इलेक्शनसाठी फाशी उरकायला टपलेले मेयर-शेरीफ आहेत, ते प्रकरण बऱ्यापैकी काळं आहे, त्यामुळे मधेच हसू अडलं तर तुमचं काही चुकत नाहीये.

आणि हो, काही गोष्टी खटकणारच. गेबल त्या पोरीबद्दल म्हणतो की हिला रोज एक ठेवून देणारा पाहिजे, काळ्या लोकांबद्दलही तेव्हाचे शब्द कानावर पडतात. सोबत घरातली तरुण मुलं असतील तर बोलून घ्या, गप्प बसून ढकलू नका.

आता बिबट्या. 'ब्रिंगिंग अप बेबी', १९३८. ग्रँट म्युझियममधला शास्त्रज्ञ, डायनासोरचं एक हाड हवंय, कॅथरीन हेपबर्न त्याच्या आयुष्यात घुसते, हाड कुत्रा पळवतो आणि बेबी नावाचा बिबट्या गळ्यात पडतो. तेव्हा पिक्चर आपटला होता. हॉक्सने पुढे स्वतःच मान्य केलं की ह्यात एकही शहाणा माणूस ठेवला नाही, ती चूक झाली. म्हणूनच हा पहिला बघायचा नाही, टेकायला जागाच मिळत नाही. पण एवढी तयारी करून आलात की पार्टीतला तो सीन बघा, हिचा ड्रेस मागून फाटलाय, हिला पत्ताच नाही, तो सांगायला जातो तर ही त्यालाच झापतेय, आणि शेवटी तो तिच्या पाठीला चिकटून, पावलाला पाऊल जुळवत तिला भर लोकांतून बाहेर काढतो. दोघांची पावलं बरोब्बर एकत्र पडतात, भांडण चालूच. रिमोट लांब ठेवा आणि शक्यतो कुणाला तरी शेजारी बसवा, ह्याला एकट्याने हसायला मजा नाही.

आवडलं तर पुढे 'द लेडी ईव्ह', १९४१. हेन्री फोंडा सापांचा अभ्यासक, बार्बरा स्टॅनविक पत्त्यांत फसवणारी, आणि हा माणूस पिक्चरभर पडत असतो.