हायड्रोजन मिश्रित इंधनाचं सिम्युलेशन: प्रेशर कर्व्ह जुळवण्याआधी या चुका टाळा

मिथेनवर नीट चालणारं इंजिनाचं मॉडेल हाताशी असतं. हायड्रोजन मिसळायचा म्हणून आपण इंधनाची रचना बदलतो, रन लावतो आणि सिलिंडरमधला दाब प्रयोगापेक्षा लवकर आणि कितीतरी उंच चढलेला दिसतो. मग हात लगेच ज्वालेच्या वेगाच्या स्थिरांकाकडे, म्हणजे खळबळत्या (टर्ब्युलंट) वायूत ज्वाला किती वेगाने पसरते हे ठरवणाऱ्या मॉडेलमधल्या आकड्याकडे, जातो. तो जाऊ देऊ नका. तो स्थिरांक सगळ्यात शेवटी हलवायचा असतो.

मी स्वतः केलेली चूक आधी सांगतो, कारण ती अजूनही सर्रास होते. ‘२० टक्के हायड्रोजन’ म्हणजे जवळजवळ नेहमीच आकारमानाने २० टक्के. मी ०.२ हा आकडा वस्तुमानाच्या रकान्यात भरला. आकारमानाने २० टक्के हायड्रोजन वस्तुमानाने जेमतेम ३ टक्के भरतो आणि ऊर्जेतला त्याचा वाटा ७ टक्क्यांच्या आसपास असतो. उलट वस्तुमानाने २० टक्के घातला की तो आकारमानाने ६६ टक्क्यांवर जातो. म्हणजे मी भलतंच इंधन जाळत होतो. दोन दिवस तोच ज्वालेच्या वेगाचा स्थिरांक खाली खाली ओढत बसलो आणि शेवटी दाबाचा कर्व्ह जुळलासुद्धा! शंका आली ती एक्झॉस्टमुळे. स्टॉइकियोमेट्रिक मिश्रणात, म्हणजे इंधन पूर्ण जळायला नेमकी लागते तेवढीच हवा असताना, कोरड्या (पाण्याची वाफ वगळलेल्या) एक्झॉस्टमध्ये कार्बन डायऑक्साइड ११ टक्के यायला हवा होता, येत होता ८.

तेव्हापासून रन लावण्याआधी पूर्ण दहनाला लागणारं हवा-इंधन गुणोत्तर (वस्तुमानाने) कागदावर काढतो. मिथेनचं १७.२, हायड्रोजनचं ३४.३, आकारमानाने २० टक्के हायड्रोजनच्या मिश्रणाचं १७.७ येतं. सॉफ्टवेअर २०.६ (वस्तुमानाने २० टक्क्यांचं उत्तर) दाखवत असेल तर चूक सापडलीच.

याच टक्केवारीतून पुढची चूक निघते: मिश्रणाचा लॅमिनार ज्वालावेग, म्हणजे शांत, खळबळ नसलेल्या वायूतला ज्वालेचा वेग, सरासरीने काढणं. स्टॉइकियोमेट्रिक मिथेनचा वेग सेकंदाला ०.४ मीटरहून थोडा कमी, हायड्रोजनचा २ मीटरच्या वर. आकारमानानुसार सरासरी काढली तर २० टक्क्यांनाच वेग जवळपास दुप्पट येतो. प्रत्यक्षात वाढ त्याच्या आसपासही नसते. कॅन्टेरा या रासायनिक गणनेच्या सॉफ्टवेअरमध्ये एकमितीय ज्वाला चालवून खरी किंमत काढा, इंजिनातल्या दाबाला आणि तापमानाला.

ती ज्वाला चालवताना विसरणाचं, म्हणजे वायूचे घटक एकमेकांत कसे पसरतात याचं, मॉडेलही तपासा. माझ्या मते जास्त हायड्रोजनच्या लीन (गरजेपेक्षा जास्त हवेच्या) मिश्रणात सगळ्यात जास्त फसवणूक इथेच होते. बरेच सॉल्व्हर सगळे घटक उष्णतेइतक्याच वेगाने पसरतात, म्हणजे लुईस अंक (उष्णतेच्या आणि घटकाच्या पसरण्याचं गुणोत्तर) १ आहे, असं धरून चालतात. मिथेनला ते खपून जातं. लीन हायड्रोजनचा लुईस अंक मात्र ०.३ च्या आसपास असतो. हायड्रोजन धावत जाऊन ज्वालेच्या पुढे आलेल्या फुगवट्यांना जास्त इंधन पुरवतो, ते फुगवटे आणखी जोरात पुढे सरकतात, पृष्ठभाग सुरकुततो आणि दहन वेगावतं. दाब वाढेल तसं हे आणखी तीव्र होतं. तीच ज्वाला एकदा लुईस अंक १ धरून आणि एकदा प्रत्येक घटकाचं वेगळं विसरण घेऊन चालवा. सोरे परिणामही (तापमानातल्या फरकामुळे होणारं विसरण) चालू करून पाहा. कॅन्टेरामध्ये तो आपोआप चालू नसतो.

रिअ‍ॅक्शन मेकॅनिझमबद्दल, म्हणजे दहनातल्या रासायनिक अभिक्रियांच्या यादीबद्दल, थोडक्यात. जीआरआय-मेक ३.० या प्रचलित मेकॅनिझममध्ये ५३ घटक आणि ३२५ अभिक्रिया आहेत, पण ते नैसर्गिक वायूसाठी जुळवलेलं आहे. थोड्या हायड्रोजनला चालून जातं. प्रमाण आणि दाब दोन्ही वाढले की हायड्रोजन किंवा सिनगॅससाठी (हायड्रोजन आणि कार्बन मोनॉक्साइडचं मिश्रण) तपासलेल्या मेकॅनिझमशी ताडून बघा. दहनाचे आधीच काढलेले तक्ते वापरणारं मॉडेल असेल तर प्रोग्रेस व्हेरिएबल, म्हणजे दहन किती पुढे गेलं हे सांगणारा अंक, फक्त कार्बन मोनॉक्साइड आणि कार्बन डायऑक्साइडवर ठेवू नका. हायड्रोजन जळून पाणी होतं, ते त्यात धरलं नाही तर दहनाचा मोठा भाग मॉडेलला दिसतच नाही.

भिंतीकडेही दुर्लक्ष नको. मिथेनची ज्वाला साधारण २ मिलिमीटरहून अरुंद फटीत विझते, हायड्रोजनची ०.६ मिलिमीटरहून अरुंद फटीत, म्हणजे हायड्रोजनची ज्वाला भिंतीच्या जास्त जवळ पोहोचते. म्हणून पेट्रोल-डिझेलवर बेतलेली वोश्नीसारखी भिंतीकडे जाणाऱ्या उष्णतेची सूत्रं उष्णतेचा ऱ्हास कमी दाखवतात. शिवाय पेट घ्यायला हायड्रोजनला ०.०२ मिलिज्यूल पुरतात, मिथेनला ०.३ च्या आसपास लागतात. स्पार्क प्लगचं टोक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह यांना बाकी भिंतींसारखंच सरसकट तापमान दिलंत, तर अकाली पेट आणि बॅकफायर (ज्वाला उलट इनटेकमध्ये शिरणं) सिम्युलेशनमध्ये कधीच दिसणार नाहीत.

पहिलं सायकल निकालात धरू नका. त्यातला आधीच्या सायकलमधून सिलिंडरमध्ये उरलेला जळका वायू आपण अंदाजाने भरलेला असतो.

हे सगळं झाल्यावर ज्वालेच्या वेगाच्या स्थिरांकाला हात लावा. एकाच मिश्रणावर, एकाच लोडला तो ठरवा आणि बाकीची मिश्रणं त्याच किमतीवर चालवा. प्रत्येक मिश्रणाला वेगळी किंमत लागत असेल तर परत विसरणाच्या मॉडेलपासून तपासायला घ्या.