बाळाला औषध देताना या चुका टाळा: नाव नंतर, आधी बाटलीवरचा आकडा वाचा

गेली चौदा वर्षं मी मेडिकलच्या काउंटरवर उभी असते. पावसाळा सुरू झाला की संध्याकाळी सातनंतर एक वाक्य ठरलेलं असतं, "ताई, लहान बाळाचं तापाचं द्या." किती महिन्यांचं आहे, वजन किती, सकाळपासून काय काय दिलंय, एवढं विचारलं तरी लोक वैतागतात, आणि मला त्यांचा राग येत नाही, घरी पोर रडतंय, बाहेर गाडी चालूच ठेवलीय. तरी मी विचारते. का ते सांगते.

एक बाबा असेच आले होते, हातात पॅरासिटामॉलच्या ड्रॉप्सची १५ मिलीची बाटली, तळाला गेलेली. म्हणाले, कालच दुसऱ्या दुकानातून नेली, संपत आली, अजून एक द्या. ड्रॉप्सची बाटली एका रात्रीत संपते म्हटल्यावर माझ्या पोटात धस्स झालं. विचारलं किती दिलं, तर म्हणाले डॉक्टरांनी मागच्या महिन्यात सांगितलेलं तेवढंच, ५ मिली, दोनदा. डॉक्टरांनी सांगितलं होतं ते सिरप. नाव तेच, कंपनी तीच, खोक्याचा रंगही जवळपास तोच, पण आतलं औषध चौपट घट्ट.

हिशोब बघा. साधारण दर किलो वजनाला एका वेळी १० ते १५ मिलिग्रॅम पॅरासिटामॉल लागतं. बाळ ८ किलोचं असेल तर जास्तीत जास्त १२० मिलिग्रॅम. सिरपवर "५ मिलीत १२५" असं लिहिलेलं असेल तर ते झालं ५ मिलीच्या जरा आत. सिरप "५ मिलीत २५०" वालं असेल तर अडीच मिलीच्याही आत. आणि ड्रॉप्समध्ये एका मिलीतच १०० मिलिग्रॅम असतं, म्हणजे तिथे लागणार जास्तीत जास्त १.२ मिली. त्या बाबांनी एका वेळी ५०० मिलिग्रॅम दिलं होतं, ८ किलोच्या बाळाला, आणि तेही दोनदा. ते पोर त्या वेळी खेळत होतं हो, ताप उतरलेला, हसत होतं, म्हणून तर ते निवांत होते. पण पॅरासिटामॉल जास्त झालं की लिव्हर आधी गुपचूप खराब व्हायला लागतं, बाहेरून दिसायला एक-दोन दिवस जातात, आणि त्यावरचं जे औषध आहे, एन-असिटिलसिस्टीन, ते पहिल्या ८ तासांत मिळालं तर सगळ्यात चांगलं काम करतं. मी त्यांना काही विकलं नाही, बाटली हातात दिली आणि तसंच हॉस्पिटलला पाठवलं. बाळ चार दिवस ॲडमिट होतं. बरं झालं.

तर पहिली आणि सगळ्यात मोठी चूक हीच. डोस नावाने किंवा "मागच्या वेळी एवढंच दिलं होतं" अशा आठवणीने द्यायचा नाही. बाटली हातात घेऊन "किती मिलीत किती मिलिग्रॅम" हे वाचायचं, आणि डॉक्टरांना विचारताना तो आकडा आणि बाळाचं आजचं वजन दोन्ही सांगायचं. सहा महिन्यांपूर्वीचं वजन नको, या वयात ते भराभर बदलतं. हिशोब तुम्हाला समजावा म्हणून सांगितला, पण डोस ठरवायचा डॉक्टरांनीच.

याचीच जुळी बहीण म्हणजे चमचा. चहाचा चमचा, पोह्यांचा चमचा, सणाला काढतो तो चांदीचा, प्रत्येक घरात माप वेगळं. बाटलीबरोबर आलेलं झाकण वापरा, आणि त्याहून बरं म्हणजे सुई नसलेली ५ मिलीची सिरिंज मागून घ्या, पाच-दहा रुपयांचं काम आहे. एका बाटलीचा ड्रॉपर दुसऱ्या बाटलीला चालत नाही, प्रत्येकावरच्या रेघा वेगळ्या असतात. देताना बाळाला अर्धवट बसतं धरा, सिरिंज गालाच्या आतल्या बाजूला ठेवा आणि थोडं थोडं सोडा. नाक दाबून आडवं पाडून ओतायची पद्धत अजूनही चालते, त्यात औषध श्वासनलिकेत जाऊ शकतं, प्लीज नका करू. आणि दुधाच्या बाटलीत औषध मिसळू नका, दूध अर्धं राहिलं की डोस किती गेला हे कुणालाच कळत नाही.

व्हिटॅमिन डी चे थेंब तर जवळजवळ प्रत्येक बाळाला चालू असतात, रोज ४०० युनिट. त्यातही एक बाटली एका मिलीत ४०० ची आणि दुसरी एका मिलीत ८०० ची येते. शिवाय मोठ्यांची ६०,००० युनिटची छोटी बाटली असते, ती आठवड्यातून एकदा घ्यायची असते, आणि घरात दोन्ही शेजारी शेजारी ठेवलेल्या असतात. मोठ्यांची आजच दुसऱ्या कपाटात ठेवा.

सर्दीखोकल्याबद्दल मी जरा जास्त बोलणार आहे. २०२५ मध्ये मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडे कोल्ड्रिफ नावाचं कफ सिरप घेऊन वीसहून जास्त मुलं गेली, त्यातली कितीतरी उपचारासाठी आपल्या नागपूरला आणली होती. एसआर-१३ या बॅचमध्ये ४८.६ टक्के डायएथिलीन ग्लायकॉल निघालं, जिथे ०.१ टक्क्याच्या वर चालत नाही. हे किडनी बंद पाडतं. आणि आपल्यासाठी हे विष नवीन नाही, १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. हॉस्पिटलमध्ये हेच मिसळलेल्या ग्लिसरीनने १४ पेशंट दगावले होते, त्यावर न्यायमूर्ती लेंटिन आयोग बसला होता. भेसळ तुम्हाला आम्हाला घरात बघून ओळखता येत नाही, मलाही नाही. पण मुळात ते सिरप पाजायची गरज होती का, हे तर विचारता येतं ना? केंद्राने ऑक्टोबर २०२५ मध्ये पुन्हा स्पष्ट सांगितलं की २ वर्षांच्या आतल्या मुलांना सर्दीखोकल्याची औषधं लिहूच नका, आणि ५ च्या आत सहसा नको. क्लोरफेनिरामीन आणि फिनाइलेफ्रिन एकत्र असलेलं जे सर्दीचं सिरप घराघरात असतं, त्यावर "४ वर्षांखालच्या मुलांना देऊ नये" असं छापायला २०२३ च्या डिसेंबरमध्येच सांगितलंय. खोकला बहुतेक वेळा आपोआप जातो. नाकात साध्या सलाईनचे थेंब, अंगावरचं दूध, बाळ वर्षाच्या पुढचं असेल तर थोडा मध. वर्षाच्या आत मध अजिबात नाही, चाटणातही नाही, बोटुलिझम नावाच्या जिवावरच्या विषबाधेचा धोका असतो. सलाईन म्हणून मोठ्यांचे नाक मोकळं करायचे ड्रॉप्स टाकू नका, दोन्ही बाटल्या सारख्याच दिसतात. आणि खोकल्याचं काहीही चालू असताना बाळाला लघवी होईनाशी झाली, उलट्या व्हायला लागल्या, तर सकाळची वाट बघायची नाही.

अजून एक गडबड इथेच होते. सर्दीच्या सिरपमध्ये बऱ्याचदा पॅरासिटामॉल आधीच असतं. आई सर्दीचं देते, आजी तासाभराने तापाचं देते, आणि डोस डबल. घरात एक कागद ठेवा, काय दिलं, किती दिलं, किती वाजता, कुणी दिलं. फ्रीजच्या दारावर लावलात तरी चालेल.

तापासाठी मोठ्यांची गोळी मोडून तुकडा देणं बंद करा. निमेसुलाइड १२ वर्षांखाली भारतात २०११ पासून बंद आहे, पण घरातल्या डब्यात ती गोळी हमखास सापडते. ॲस्पिरिनने मुलांना रे सिंड्रोम, म्हणजे मेंदू आणि लिव्हरवर जाणारा आजार, होऊ शकतो, ते डॉक्टरांनी खास कारणासाठी दिल्याशिवाय नाही. आणि डेंग्यूच्या दिवसांत आयबुप्रोफेन, मेफेनॅमिक असलेली सिरपं आपल्या मनाने नकोत, रक्तस्राव वाढू शकतो.

आता अगदी तान्ह्या बाळांचं. तीन महिन्यांच्या आतल्या बाळाला १००.४ फॅरेनहाइट किंवा वर ताप आला की घरी औषध देऊन बघू असं नाहीच, सरळ डॉक्टर. त्यांचं लिव्हर, किडनी अजून तयार होत असते, औषध अंगात जास्त वेळ रेंगाळतं, आणि आजार दिसतोही वेगळा, कधी ताप येतच नाही, बाळ नुसतं गार पडतं आणि दूध ओढत नाही.

बाळगुटीवर मला नेहमी विचारतात. माझ्या आईनेही उगाळलीय, वेखंड, मुरुडशेंग, हळकुंड, जायफळ, सहाणेवर प्रत्येकाचे वेढे मोजून, महिन्यागणिक वेढे वाढवत. म्हणजे माप आजीलाही कळत होतंच, ती अंदाजाने देत नव्हती. पण पहिले सहा महिने फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, आणि सहाण कितीही धुतली तरी निर्जंतुक होत नाही. जायफळ जास्त झालं की बाळ गुंगतं आणि दुधाची वेळ चुकते, घरच्यांना वाटतं शांत झोपलं. नाकाकानात तेल सोडणं तर पूर्ण बंद, नाकातलं फुप्फुसात उतरतं. कापूर छातीला चोळणं, ओव्याच्या पुरचुंडीत कापूर घालणं हेही नको, कापराने लहान बाळांना झटके येऊ शकतात. आणि एक गोष्ट जी औषध नाही तरी सांगते, ट्रंकेतली जुनी झबली, दुपटी डांबराच्या गोळ्यांच्या वासासकट बाळाला घालू नका. रक्तातलं जी६पीडी नावाचं एन्झाइम जन्मतः कमी असलेल्या बाळांच्या लाल पेशी त्याने फुटतात आणि कावीळ वाढते. आधी धुवा, दोन दिवस कडक उन्हात घाला.

जुलाबात ओआरएसचं पाकीट एक लिटरचं असेल तर पूर्ण पाकीट एक लिटरच्या पाण्यातच, ग्लासभर पाण्यात चिमूट-चिमूट नाही, त्याने क्षारांचं प्रमाण बिघडतं. टेट्रापॅकमधली गोड पेयं ओआरएस नाहीत, ऑक्टोबर २०२५ मध्ये एफएसएसएआयने, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, अशा पेयांच्या नावात ओआरएस वापरायला बंदी घातलीय, तरी खोक्यावर डब्ल्यूएचओ फॉर्म्युला लिहिलाय का ते बघाच. झिंक १४ दिवस, जुलाब तिसऱ्या दिवशी थांबले तरी. जुलाब "बांधायची" मोठ्यांची गोळी मुलांना नाही.

अँटिबायोटिकची पावडरवाली बाटली: आधी हलवून पावडर सुटी करा, मग उकळून पूर्ण गार केलेलं पाणी थोडं घालून हलवा, मग रेघेपर्यंत भरा. गरम पाणी घातलं की औषध वाया. बहुतेक बाटल्या कालवल्यावर ५ ते ७ दिवसच चालतात, म्हणून झाकणावर पेनने तारीख लिहा. उरलेली पुढच्या तापाला ठेवू नका, शेजारच्या बाळाला देऊ नका.

डोस चुकला, जास्त गेला, पोराने बाटलीच तोंडाला लावली, तर उलटी काढायला मिठाचं पाणी पाजत बसू नका. बाटली, झाकण, खोकं सगळं बरोबर घ्या आणि निघा, गाडी नसेल तर १०८. औषधानेच काही बिघडलं असं वाटलं तर औषधांच्या दुष्परिणामांची नोंद घेणाऱ्या सरकारी हेल्पलाइनला, १८००-१८०-३०२४ वर, कळवता येतं, आणि बाटली टाकून द्यायच्या आधी बॅच नंबरचा फोटो काढून ठेवा.