हेल्मेटच्या काचेवर वाफ धरते? आधी हवेची वाट मोकळी करा

काचेवर वाफ धरायला लागली की बहुतेक जण आधी अँटी-फॉग स्प्रेची बाटली आणतात. क्रम उलटा हवा. आधी श्वासाची आणि हवेची वाट नीट करा, मग काच स्वच्छ धुवा, आणि तरीही भागलं नाही तर स्प्रे किंवा पिनलॉकवर (काचेच्या आत बसवायची दुसरी पातळ पट्टी) पैसे घाला.

नाकातोंडातून बाहेर पडणारी हवा साधारण ३४ अंशांची आणि वाफेने गच्च भरलेली असते. एका घनमीटरमागे ३७ ग्रॅमच्या आसपास पाणी. ठाण्याहून पहाटे माळशेजला निघालात आणि मुरबाडच्या पुढे पारा १४ अंशांवर आला, तर वाऱ्यामुळे काचही जवळपास तेवढीच गार पडते. १४ अंशांच्या हवेत घनमीटरमागे १२ ग्रॅमच वाफ मावते. उरलेलं पाणी बारीक थेंब होऊन काचेला चिकटतं. मात्र तीच गार हवा हेल्मेटात शिरून चेहऱ्याच्या उबेने २५ अंशांपर्यंत तापली की तिची आर्द्रता निम्म्यावर येते आणि ती काच भराभर सुकवते. पावसाळ्यात हे होत नाही. २६ अंशांची ओलीचिंब हवा आत येऊन ३० अंशांपर्यंत तापली, तरी आर्द्रता ८० टक्क्यांच्या आसपास राहते. म्हणून थंडीत व्हेंट, म्हणजे हेल्मेटवरची हवेची झडप, उघडून बरंचसं काम होतं, आणि जुलैत त्याच व्हेंटच्या भरवशावर राहता येत नाही.

वाफ नेमकी कुठे धरते ते एकदा लक्ष देऊन पाहा. फक्त खालच्या मधल्या भागात, नाकासमोर धरत असेल तर दोष श्वासाच्या दिशेचा आहे. सगळी काच एकदम पांढरी होत असेल तर व्हेंट बंद आहेत किंवा आतलं अस्तर ओलं आहे. बाहेरून बोट फिरवल्यावर पुसली जात असेल तर गोष्टच वेगळी. त्याबद्दल पुढे सांगितलं आहे.

श्वास आणि हवा

फुल-फेस हेल्मेटच्या आत नाकावर येणारी रबराची किंवा प्लास्टिकची पट्टी असते, ती म्हणजे ब्रेथ गार्ड. ती श्वास खाली वळवते. बऱ्याच जणांनी ती नाकाला टोचते म्हणून काढून ठेवलेली असते. थंडीत ती परत बसवा. ती नाकाच्या हाडावर टेकली पाहिजे. मध्ये फट राहिली तर श्वास तिथूनच वर काचेकडे जातो. याउलट हनुवटीखालचं कापडी चिन कर्टन खालची हवा अडवतं. गार वारा लागू नये म्हणून ते लावावंसं वाटतं, पण वाफ धरत असेल तर ते काढा आणि गळ्याला मफलर गुंडाळा.

मफलर किंवा कानटोपी नाकावर ओढू नका. कापडातून श्वास सरळ वर डोळ्यांकडे जातो, आणि अर्ध्या तासात कापडही भिजतं. कापड नाकाच्या खाली ठेवा.

हनुवटीजवळची व्हेंट थंडीतही उघडी हवी. काही हेल्मेटांत ती फक्त तोंडाला हवा देते, काहींत हवा काचेच्या आतल्या बाजूने वर सोडते. दुसऱ्या प्रकारचा उपयोग कितीतरी जास्त. घोडबंदर रोड आणि जेएनपीटी बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यांवर ट्रकची काजळी आणि धूळ इतकी असते की दोन-तीन महिन्यांत जाळी बुजते. जुन्या मऊ टूथब्रशने ती झाडा. डोक्यावरची आणि मागची व्हेंटही उघडी ठेवा, कारण हवा बाहेर पडली नाही तर आत येणार तरी कशी?

चालत्या गाडीवर काच पहिल्या खाचेएवढी उघडली, म्हणजे तीन-चार मिलिमीटर, तरी पुरतं. खरा त्रास गाडी थांबल्यावर होतो. माजिवडा जंक्शन, तीन हात नाका, शिळफाटा इथे हवा खेळत नाही. सिग्नलला पोहोचण्याआधीच काच पूर्ण वर करा. एकदा पांढरी झालेली काच मोकळी व्हायला वेळ लागतो.

काच धुणं

चेहऱ्याचं तेल, घाम आणि काजळी यांचा पातळ थर काचेच्या आतल्या बाजूला बसतो आणि थेंबांना धरून ठेवतो. काच हेल्मेटपासून वेगळी करा. कोमट पाण्यात पाच मिनिटं बुडवून ठेवा, म्हणजे धूळ सुटेल. कोरडी घासलीत तर ओरखडे पडणारच. अर्धा लिटर पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचे दोन-तीन थेंब टाकून बोटांनी हलकेच धुवा, साध्या पाण्याने खळखळून काढा आणि मायक्रोफायबरच्या स्वच्छ फडक्याने टिपून घ्या. हेल्मेटची काच बहुधा पॉलिकार्बोनेटची असते. पेट्रोल, थिनर, अमोनियाचं काच पुसायचं लिक्विड तिला लावू नका. कोटिंग खराब होतं आणि पुढे बारीक तडे जातात. टूथपेस्ट चोळायचा सल्ला खूप फिरतो, पण तिच्यात घासणारी पूड असते. रात्री समोरच्या गाडीचा दिवा त्या ओरखड्यांवर पसरला की रस्ता दिसत नाही.

साबणाचा हात

कोटिंग नसलेल्या काचेला हा उपाय फुकटात चालतो. साबणामुळे पाण्याचे सुटे थेंब न बनता पारदर्शक पापुद्रा पसरतो, म्हणून आरपार दिसत राहतं. बेबी शाम्पूचा एक थेंब ओलसर फडक्यावर घ्या, आतल्या बाजूला पातळ फिरवा, पाच मिनिटं सुकू द्या आणि कोरड्या फडक्याने धूसरपणा जाईपर्यंत हलकेच पुसा. जास्त लावलंत तर रंगीत पट्टे दिसतात, आणि पावसाचं पाणी आत आलं तर फेस डोळ्यात जातो. असर एका-दोन फेऱ्यांपुरताच, त्यामुळे लांब जाताना निघण्याआधी पुन्हा लावा. स्प्रेचं कामही याच तत्त्वावर चालतं, फक्त तो थोडा जास्त टिकतो. ज्या काचेला कंपनीचं अँटी-फॉग कोटिंग आहे तिला यातलं काहीच लावू नका.

पिनलॉक

पावसाळ्यात रोज ऐरोली पूल ओलांडणारे आणि हिवाळ्यात पहाटे घाटात जाणारे, या दोघांसाठी पिनलॉकइतका खात्रीचा उपाय नाही. ही काचेच्या आत बसणारी दुसरी पातळ पट्टी. तिच्या कडेला सिलिकॉनची रेघ असते आणि ती काचेला दाबून बसली की मध्ये हवेचा बंद थर तयार होतो. तो थर बाहेरचा गारवा आत येऊ देत नाही, आणि पट्टी स्वतः थोडी वाफ शोषते. दुहेरी काचेच्या खिडकीसारखंच हे काम.

घेण्याआधी तुमच्या काचेच्या दोन्ही टोकांना पिना आहेत का ते पाहा. पट्टी प्रत्येक काचेच्या मापाची वेगळी असते, म्हणून दुकानात हेल्मेटचं मॉडेल आणि काचेवर कोरलेला क्रमांक सांगा. अंदाजाने घेतलेली पट्टी बसत नाही.

बसवताना काच काढून घ्या, धुवा आणि पूर्ण सुकू द्या. मध्ये ओल अडकली तर ती बाहेर निघायची सोय नाही. पट्टीची सिलिकॉनची बाजू काचेकडे करा. एक टोक पिनेत अडकवा, काच दोन्ही हातांनी बाहेर वाकवून जरा सपाट करा, दुसरं टोक पिनेत सरकवा आणि काच सोडा. इथे दुसरं माणूस मदतीला असलेलं बरं. आता काच उजेडासमोर धरा. सिलिकॉनची रेघ सगळीकडे सलग चिकटलेली दिसली पाहिजे. कुठे तुटक दिसली तर पिना थोड्या फिरवा. त्या मध्यापासून जरा बाजूला बसवलेल्या असतात, फिरवल्या की पट्टी घट्ट होते. फार आवळलीत तर पट्टीला बाक येतो. पट्टीवरची संरक्षक फिल्म शेवटी काढा.

दोन थरांच्या मध्ये वाफ दिसली तर सील सुटलं आहे असं समजा. पट्टी काढा, दोन्ही पृष्ठभाग सुकवा, पुन्हा बसवा. कडेकडून धूसर व्हायला लागली तर पट्टीने पोटभर पाणी शोषलं आहे. थांबून काच उघडी ठेवा. पट्टी काचेपेक्षा मऊ असते, त्यामुळे ओली असताना पुसू नका. रात्री समोरच्या दिव्यांची फिकी दुसरी प्रतिमा दिसू शकते, ती दोन थरांमुळे असते.

एसी ऑफिसमधून बाहेर पडताना

ऐरोली, घणसोली, महापे इथल्या ऑफिसांत हेल्मेट दिवसभर २२-२३ अंशांत टेबलाखाली पडून असतं. पावसाळ्यात संध्याकाळी बाहेरच्या दमट हवेत ते आलं की काच बाहेरूनही पांढरी होते. इथे ना पिनलॉक चालतो ना ब्रेथ गार्ड. पार्किंगमध्ये पोहोचल्यावर काच उघडून पाच मिनिटं हेल्मेट आरशाला अडकवून ठेवा. ते बाहेरच्या हवेइतकं कोमट झालं की वाफ धरायचं थांबतं. शक्य असेल तर हेल्मेट पार्किंगमध्येच कुलूप लावून ठेवा.

ओलं अस्तर हा दुसरा छुपा स्रोत. भिजलेलं हेल्मेट डिकीत कोंबू नका. गालाचे पॅड काढून पंख्याखाली सुकवा. केवळ बाहेरून कोरडे लागले म्हणून बसवू नका, मधला फोम दाबून पाहा.

चष्मा असेल तर

चष्म्यावर अँटी-रिफ्लेक्शन कोटिंग असतं, म्हणून त्याला घरगुती साबण-शाम्पूऐवजी चष्म्यासाठीचंच अँटी-फॉग वापरा. काच मोकळी आणि चष्मा पांढरा, अशी वेळ आली तर श्वास ब्रेथ गार्डच्या कडेने वर येतो आहे. वरचा ओठ जरा पुढे काढून श्वास खाली सोडायची सवय लावली की फरक पडतो.

धावत्या गाडीवर दिसेनासं झालं तर

ब्रेक दाबायची घाई नको. इंडिकेटर देऊन वेग उतरवा, काच एक खाच उघडा, डावीकडे सुरक्षित जागा पाहून थांबा. हातमोज्याने आतून पुसू नका: वाफ पसरते आणि मोज्यावरची धूळ काच घासते. कसारा घाटात किंवा माळशेजला ढग रस्त्यावर उतरलेला असेल तर थेंब काचेच्या बाहेर जमतात. ते डाव्या हाताच्या बोटाने पुसा. काही मोज्यांच्या डाव्या तर्जनीवर त्यासाठी रबराची पट्टी असते. गडद काच अशा प्रवासाला नकोच. पहाटे अंधारात निघताना आणि ढगात शिरताना साधी पारदर्शक काच लावा, आणि तिच्यावर डोळ्यांसमोर ओरखडे असतील तर वाफेच्या उपायांवर खर्च करण्याआधी काचच बदला.