मदतीला निघताना या चुका टाळा

२२ जुलै २०२१ ला चिपळूण पुरात बुडालं. वसईतल्या आमच्या धर्मग्रामातून, म्हणजे चर्चच्या पॅरिशमधून, मदतीचा पहिला टेम्पो पाचव्या दिवशी निघाला. त्यातला निम्मा माल जुन्या कपड्यांचा होता आणि तो भरायला मीही हात लावला होता. तेव्हापासून चर्चमधल्या मिस्सानंतर (उपासनेनंतर) मदतीचं आवाहन झालं की मी आधी फादरांना गाठतो आणि सांगतो, जुने कपडे मागू नका.

चिपळूणच्या पेठमाप भागात पोचलो तेव्हा वाशिष्ठी नदीचं पाणी उतरलं होतं, पण घराघरांत घोट्याच्या वर चिखल होता. एका मावशींच्या ओट्यावर आम्ही गाठोडं ठेवलं. त्यांनी सोडून पाहिलं. आत जरीची साडी, गुंड्या तुटलेला शर्ट आणि लोकरीचा स्वेटर. त्या रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "दादा, माझेच कपडे चिखलात पडलेत, धुवायला पाणी नाही. हे ठेवू कुठे? खराटा आहे का तुमच्याकडे?"

खराटा नव्हता. फावडं नव्हतं, घमेलं नव्हतं. उरलेली गाठोडी आम्ही एका शाळेच्या पडवीत ठेवून आलो. रात्रीच्या पावसात ती भिजली आणि पुढे चिखलाबरोबर सफाई कामगारांना उचलावी लागली. आधीच त्यांच्या पाठी मोडत होत्या, त्यात आम्ही भर घातली. २००४ च्या त्सुनामीनंतर नागपट्टणमच्या रस्त्यांकडेला जुन्या कपड्यांचे असेच ढीग पडले होते. हे ठाऊक असूनही आम्ही तेच केलं, कारण कपडे गोळा करणं सोपं असतं. कपाट रिकामं होतं आणि दान केल्याचं समाधानही मिळतं.

आता माझ्या पहिल्या गाडीत खराटे, फावडी, घमेली, गमबूट, हातमोजे, फिनेल, ब्लीचिंग पावडर, ताडपत्री, सॅनिटरी पॅड, कोरे परकर आणि अंतर्वस्त्रं असतात. त्याशिवाय कपड्यांत फक्त नवे टॉवेल आणि चादरी. गाडी भरण्याआधी तिथल्या तीन माणसांना फोन करतो: एक सिस्टर किंवा फादर, एक आशाताई, एक दुकानदार. दुकानदार महत्त्वाचा. शेजारच्या तालुक्यात माल मिळत असेल तर वसईहून वाहून नेण्यात डिझेल जातं आणि तिथल्या माणसाचा धंदाही जातो. युवा मंडळातली मुलं म्हणतात, "अंकल, फोनाफोनीत एक दिवस जाईल." जाऊ दे. न विचारता गेलेल्या गाडीने आमचे तीन दिवस खाल्ले होते.

गाडी हमरस्त्यावर उभी करून वाटप करू नका. रस्त्याकडेच्या घरांना पाच-पाच वेळा बिस्किटं मिळतात आणि आतल्या वाडीला काहीच नाही. आशाताईंकडून घरांची यादी घ्या, आदल्या संध्याकाळी कुपनं वाटा.

पायाला जखम असेल तर चिखलात उतरू नका. लेप्टोची, म्हणजे घाण पाण्यातून होणाऱ्या लेप्टोस्पायरोसिस तापाची, प्रतिबंधक गोळी डॉक्टरांना विचारून निघण्याआधीच घ्या.

रांगेतल्या माणसाचा फोटो काढू नका. मी गाडीत बसतानाच मोबाइल पिशवीत टाकायला लावतो.

परदेशी नागरिकत्व घेतलेल्या नातेवाइकाचे पैसे आपल्या मंडळाच्या खात्यात घेऊ नका. कायद्याने ती परदेशी देणगी ठरते आणि एफसीआरए या परदेशी देणग्यांच्या कायद्याखालच्या नोंदणीशिवाय घेता येत नाही. भावना चांगली होती, हे तिथे चालत नाही.

आता परदेशातल्या सेवेबद्दल. २०१५ च्या भूकंपानंतर, मे अखेरीस, आम्ही पाच जण सीमेवरच्या सुनौलीमार्गे नेपाळला गेलो. एका डोंगरी गावात तपासणी शिबिर ठेवलं रविवारी. रविवार म्हणजे सुट्टी, हे आम्ही गृहीत धरलं. नेपाळमध्ये सुट्टी शनिवारी असते आणि तिथले ख्रिस्ती उपासनेलाही शनिवारीच जमतात. २५ एप्रिलला शनिवारच होता. ११ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हादरली तेव्हा कितीतरी माणसं चर्चमध्ये होती आणि काही ठिकाणी छप्पर त्यांच्यावरच आलं. त्याच लोकांकडे जाताना त्यांचा वार कोणता, एवढंही आम्ही विचारलं नव्हतं. आमच्या रविवारी गाव शेतावर गेलं होतं. पाहुण्यांना नाही कसं म्हणायचं, म्हणून वार ठरताना तिथले पास्टर गप्प राहिले होते. आम्ही तंबू नेले होते. त्यांना पावसाळ्याआधी हवा होता जस्तापाता, म्हणजे छपराचे पत्रे. तो सीमेजवळच्या बाजारात मिळत होता. आम्ही पाच जणांनी घरी बसून भाड्याचे पैसे पाठवले असते तर काही घरांवर छप्पर चढलं असतं. म्हणून आता परदेशी जायचं म्हणणाऱ्याला मी विचारतो, तिथल्या मंडळीने तुला बोलावलंय का, आणि तुझ्या हातात असं कोणतं काम आहे जे तिथे कुणाला येत नाही? डॉक्टर, परिचारिका, इंजिनियर यांच्याकडे उत्तर असतं. बाकीच्यांनी पैसे पाठवावेत.

आणि तांदळाच्या पिशवीत धर्मप्रचाराची पुस्तिका घालू नका. याबाबतीत मी कुणाचं ऐकत नाही. मदत करणाऱ्या संस्थांसाठी रेडक्रॉसच्या पुढाकाराने १९९४ मध्ये जी आचारसंहिता आली, तिच्या मूळ पुरस्कर्त्यांत कॅरिटास इंटरनॅशनलिस हा कॅथलिक मदतसंस्थांचा संघ आणि वर्ल्ड कौन्सिल ऑफ चर्चेस ही अनेक देशांतल्या चर्चची परिषद आहेत. धर्म किंवा राजकारण पुढे नेण्यासाठी मदत वापरायची नाही, हे तिच्यातलं तिसरं कलम. म्हणजे हा शब्द आपल्याच चर्चनी दिलेला आहे. भुकेल्या माणसाला नाही म्हणायची मोकळीक नसते, त्याच्यापुढे पुस्तिका धरणं मला पाप वाटतं. नेपाळमध्ये धर्मांतर घडवणं हा गुन्हाही आहे. २०१८ मध्ये लागू झालेल्या तिथल्या फौजदारी संहितेत त्याला पाच वर्षांपर्यंत कैद आहे, आणि त्याची झळ पाहुण्यांच्या मागे राहणाऱ्या तिथल्या पास्टरलाही बसू शकते. प्रार्थना आम्ही गाडी भरण्याआधी आपल्या चर्चमध्ये करतो.

शेवटची चूक, पहिल्या आठवड्यातच सगळी वर्गणी संपवणं. मी निम्मी बाजूला ठेवायला लावतो, कारण तिसऱ्या महिन्यात कुणीच येत नाही. दिवाळीआधी आम्ही पेठमापला परत गेलो. मावशींच्या घराच्या भिंती अजून ओल्या होत्या आणि शिवणयंत्र बंद पडलेलं होतं. दुरुस्ती करणारा चिपळूणमध्येच सापडला. त्याचे पैसे त्या बाजूला ठेवलेल्या वर्गणीतून दिले.